धोका कोणापासून

आबा खुर्चीत कधी सरळ बसले नाहीत. अंग डावीकडे झुकलेलं, उजवी मांडी चार बोटं वर. आमच्या शाळेत नव्याने बदलून आलेल्या एका बाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या घरमालकांना सुरण खायला घाला. आमच्या सासऱ्यांना गुण आला होता." मी हे आबांच्या बायकोला, काकूंना सांगितलं, तर काकू तोंडाला पदर लावून हसल्या. "अवो बाई, मूळव्याध न्हाय ती. त्यास्नी वस्तू टोचती."

वस्तू म्हणजे रिव्हॉल्व्हर. आखूड नळीचं, सहा गोळ्यांचं, तळहातात मावेल एवढं. आबा त्याला रिव्हॉल्व्हर कधीच म्हणत नसत. 'वस्तू संगं हाय', 'वस्तू घरी ऱ्हायली', असंच. बारामतीला लागून असलेल्या जळोचीला त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत मी अकरा वर्षं भाड्याने राहिले. यजमान सोलापूरला नोकरीला, मी इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत. आबा आणि काकू हेच माझं शेजारपाजार आणि हेच माझं माहेर. त्या माणसाला मी जेवढं हसले तेवढं कुणालाच हसले नसेन. पण या वस्तूपायी त्यांनी सख्खा भाऊ गमावला, आणि ज्या कागदामुळे गमावला तो माझ्या अक्षरात होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी त्यांची टिंगल करायला लागले की वाचणाऱ्याने मलाही जरा ओळखून असावं.

तर, वस्तू. उजव्या कमरेला, चामड्याच्या म्यानात, आणि नेहरू शर्टाचं टोक बरोबर तिथेच मुडपून वर खोचलेलं, म्हणजे मूठ दिसावी. "बाई, वस्तू दिसली पायजे, निघाली न्हाय पायजे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. चहाच्या टपरीवर पाकीट काढायच्या निमित्ताने ते एकदा शर्ट झटकत. न्हाव्याकडे गेले की अंगावरचं कापड नेमकं तेवढ्या बाजूने सरकवून ठेवत. मोरगावला गणपतीला चतुर्थीला जायचे तेव्हा मात्र पंचाईत व्हायची. देवळात चामडं न्यायचं नाही, आणि वस्तू बाहेर कुणाच्या हवाली करायची नाही. मग म्यान चपलांजवळ ठेवून वस्तू नारळ आणि दुर्वांच्या पिशवीत घालत. पुजाऱ्याने एकदा नारळ घ्यायला हात पुढे केला आणि आबांनी घाईत पिशवीच पुढे केली. त्यानंतर चार चतुर्थ्या ते मोरगावला गेले नाहीत.

घरात त्यांना उंदराचीही भीती वाटायची. फवारणीच्या औषधाचा डबा ते काठीने ढकलायचे. कुणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. मग हे कशाला, असं मी एकदा सरळ विचारलं होतं. त्यांची इथली सहा एकर जमीन गाव वाढलं तशी प्लॉट पाडून विकली गेली होती. त्यातच हे दुमजली घर उभं राहिलं होतं. आबा म्हणाले, "बाई, रान होतं तवर कमरंला विळा असायचा. सातबाऱ्यावरनं नाव गेलं आन कंबर मोकळी झाली. चालताना हलकं हलकं वाटतं वो. वाऱ्यानं उडून जाईन का काय आसं वाटतं."

हे ऐकून मला हसू आलं नव्हतं.

आता तो कागद. लायसन काढायचं ठरलं तेव्हा एक एजंट घरी आला. टापटीप, खिशाला तीन पेनं. त्याने अर्ज पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "धोका कोणापासून?"

"कसला धोका?" आबा म्हणाले.

"जीविताला. उगाच लायसन देत नसतात आबा. कुणीतरी तुम्हाला मारायला टपलेलं पाहिजे. त्याच्या नावावर आधी पोलिसात साधी तक्रार करायची, तिची नक्कल अर्जाला जोडायची. बोला, कोण टपलंय?"

आबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. एखाद्या पोराला गृहपाठ विचारावा आणि त्याने तो केलेला नसावा तसे ते ओशाळले. आख्ख्या आयुष्यात त्यांनी एक वैरी कमावला नव्हता. शेजारच्या प्लॉटवाल्याचं नाव निघालं, पण त्याच्याशी बांधावरून भांडण होऊन दुसऱ्याच दिवशी दोघं एका ताटात जेवले होते. ज्याने जमीन घेतली तो बिल्डर? त्याचं नाव घातलं तर खराच धोका व्हायचा, असं एजंटच म्हणाला. दोन दिवस आबा वैरी शोधत होते. काकू म्हणाल्या, "माझं घाला. म्या रोज मारायलाच उठते."

तिसऱ्या दिवशी कळसहून अण्णा आले. अण्णा म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. यांच्या वडिलांची मेंढरं होती. पुढे मेंढरं गेली, थोरला जळोचीला आला, धाकटा कळसलाच राहून शेती करू लागला. पंधरा दिवसांनी एकदा एसटीने यायचे, पिशवीत कधी शेवग्याच्या शेंगा, कधी ताजं तूप. अडचण ऐकली आणि खो खो हसत सुटले.

"आरं मंग लिव्ह की दादा माझंच! घरातलं घरात ऱ्हाईल. मी काय कोर्टात जाणार हाय व्हय?"

एजंटला हे फारच आवडलं. सख्खा भाऊ, जमिनीचा वाद, साहेबांना लगेच पटतं, म्हणाला. तक्रार लिहायला मला वरून बोलावलं, कारण बाईंचं अक्षर मोत्यासारखं. मी लिहीत होते, एजंट सांगत होता, आणि मधेच अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "बाई, नुसतं 'मारीन' लिवू नगा. नुसत्या मारण्याला कोन भितं? 'कुऱ्हाडीनं खांडोळी करीन' आसं लिवा." मी लिहिलं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. शेवटी एजंट म्हणाला की साक्षीदार लागतो, सरकारी नोकर असला तर वजन पडतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. धमकी मी समक्ष ऐकली, असं लिहून मी खाली सही केली. काकूंनी शिरा केला होता, तो आम्ही पाचही जणांनी खाल्ला.

वस्तू आली त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला तिची पूजा झाली. झेंडूचा एवढासा हार तिला मोठा झाला. पूजेला अण्णा होते. पूजा झाल्यावर आबा म्हणाले, चला, चालवून बघू. कळसच्या पलीकडे दगडाची एक बंद पडलेली खाण आहे, तिथे आम्ही जीप करून गेलो. हे नियमात बसतं का, हे मी विचारलं नाही. एव्हाना नियमाबद्दल बोलायला मला तोंड नव्हतं. तेलाचा रिकामा डबा खडकावर ठेवला. आबांनी दोन्ही हातांनी वस्तू धरली, डोळे मिटले आणि चाप ओढला. आवाजाने काकू खालीच बसल्या. डबा जागच्या जागी. सहाही गोळ्या गेल्या, डब्याला ओरखडा नाही.

"नळी आखूड हाय," आबा म्हणाले. "ही जवळच्यासाठी आस्ती. लांबच्याला लागत न्हाय."

अण्णांनी वाकून एक दगड उचलला. मेंढरं वळणाऱ्याचा हात तो. उभ्या जागेवरून फेकला आणि डबा टण्णकन खाली. आबा आधी रागावले, मग हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी अण्णांच्या पाठीत धपाटा घातला. नंतर दोघं भाऊ गुडघ्यांवर बसून मातीत रिकाम्या पुंगळ्या शोधत होते, कारण नव्या गोळ्या घ्यायला जुन्या पुंगळ्या दाखवाव्या लागतात. एक सापडत नव्हती. अण्णांना सापडली, ती त्यांनी फुंकर मारून, पुसून दादाच्या हातात दिली. त्या दोघांना असं मनमोकळं एकत्र हसताना मी पाहिलं ते शेवटचं, पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक असणार.

कारण पुढच्या वर्षी निवडणुका लागल्या. आमच्याकडे निवडणुकांना तोटा नाही. लोकसभा, विधानसभा, पंचायत, सोसायटी, कारखाना, एक झाली की दुसरी. निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं. आबांना हा सोहळाच वाटायचा. इस्त्रीचे कपडे करून जायचे, पावती घेऊन यायचे आणि ती पावती वहीच्या कागदाएवढी लॅमिनेट करून घ्यायचे. पुढे अशा सात-आठ पावत्या जमल्या.

पण त्याच वेळी, तिकडे कळसला, मोटारसायकलवरून एक शिपाई अण्णांच्या दारात जाऊ लागला. ज्याच्यावर धमकीची तक्रार आहे, त्याने निवडणुकीत शांतता राखावी म्हणून नोटीस. पहिल्या खेपेला अण्णांनी फोन करून हसत सांगितलं, "दादा, मी गुंड झालो बरं का." दुसऱ्या खेपेला इंदापूरला तहसील कचेरीत दिवसभर उभं राहावं लागलं. आजूबाजूला दारू गाळणारे, मारामाऱ्या करणारे, आणि त्यात कपाळाला भंडारा लावून अण्णा. हमीपत्रावर अंगठ्याशेजारी सही. तिसऱ्या खेपेला मतमोजणीच्या दिवशी सकाळपासून चौकीत बसवून ठेवलं, आणि त्या दिवशी त्यांची म्हैस विणार होती. रेडकू गेलं. त्या फोनवर ते हसले नाहीत. "दादा, त्यो कागद मागं घे," एवढंच म्हणाले.

आबांनी एजंटला विचारलं. एजंट म्हणाला, "तक्रार खोटी होती असं म्हणालात तर वस्तू जाईलच, वर खोटी तक्रार दिली म्हणून तुम्हीच आत. लायसनचं नूतनीकरण होऊ द्या, मग बघू." नूतनीकरण झालं. मग कारखान्याची निवडणूक लागली. मग आबा म्हणाले, एवढी होऊ द्या. दर खेपेला काहीतरी होऊ द्यायचं असायचं.

अण्णांच्या मुलीला एक स्थळ आलं होतं, माळशिरसकडचं. ते लोक चौकशी करायला गावात आले आणि त्यांना कुणीतरी सांगितलं की मुलीच्या बापाला निवडणुकीत पोलीस उचलतात, सख्ख्या भावाच्या जिवावर उठला होता. स्थळ मोडलं. पुढे दुसरीकडे जमलं, पण लग्नाची पत्रिका जळोचीला आली नाही. आबांनी ती पाहिली जळोचीतच, दुसऱ्याच्या घरी, टीव्हीवर ठेवलेली. निमंत्रकांत चुलते, मामे, मावसे, अगदी गावचे सरपंचसुद्धा. थोरल्या चुलत्याचं नाव नाही. आमच्याकडे पत्रिकेतून नाव गेलं म्हणजे माणूस जिवंतपणी गेला. आबा घरी आले, पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "बाई, छापायची इसरली आसंल का वो?" मी म्हटलं, असेल. एवढं खोटं मला बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी ते कळसला गेले. वस्तू न घेता. मीही बरोबर होते, त्यांनीच नेलं. अण्णा गोठ्यात होते. त्यांनी घोंगडं टाकलं, पाणी दिलं. आबा म्हणाले, "चल, आपुन दोघं जाऊन सांगू, भांडान मिटलं. समझोता झाला."

अण्णांनी हातातली वैरण खाली ठेवली. "मिटलं? कवा लागलं हुतं दादा? आपलं भांडान कवा झालं सांग की. झालंच न्हाय ते मी कसं मिटवू?" मग म्हणाले, "खोटं लिवलं हुतं म्हणून सांग. मी येतो संगं. साहेबाच्या पाया पडू, काय शिक्षा हाय ती दोघं भोगू. पर भांडलो हुतो आसं मी सांगनार न्हाय. माझ्या पोरीच्या सासरी काय समजतील?"

घराशी आल्यावर आबा म्हणाले, "बाई, उद्या जातो. खरं सांगून टाकतो."

आणि तेव्हा मी बोलले. माझी निवृत्ती दीड वर्षावर आली होती. खोटी साक्ष दिली म्हणून माझ्यावर काही कारवाई झाली तर पेन्शनचं काय, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. म्हटलं, "आबा, माझी सही आहे त्यावर. मी निवृत्त होईपर्यंत थांबा. दीड वर्ष काय, बघता बघता जाईल."

आबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हायसं वाटल्यासारखं दिसलं, असं मला आजही वाटतं. ते माझ्यासाठी थांबले की वस्तूसाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं नाही कारण ते वस्तूसाठी थांबले असं समजणं मला सोयीचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तू पुन्हा कमरेला होती, शर्टाचं टोक मुडपलेलं.

माझ्या निवृत्तीला सात महिने उरले असताना अण्णा गेले. कावीळ झाली होती, अंगावर काढली. बारामतीला दवाखान्यात आणलं होतं, पंधरा दिवस होते. जळोचीपासून तो दवाखाना चालत वीस मिनिटांवर. आबा रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने पाय मोकळे करायला जात. कुणी कळवलं नाही. मयत कळसला नेल्यावर तिथल्या एका दूधवाल्याने फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा सरण रचून झालं होतं. आबांना कुणी अडवलं नाही, पुढेही कुणी बोलावलं नाही. ते माणसांच्या मागे उभे राहिले. माझ्या शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "वैरी मेल्याची खात्री कराय आलाय." आबांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. ओरडून सगळ्यांना सांगावं असं मला वाटलं, आणि मी डोक्यावरचा पदर नीट केला.

महिना झाला असेल नसेल, नूतनीकरणाची तारीख जवळ आली आणि एजंट हजर. "ज्याच्यापासून धोका होता तो मयत, त्यामुळे नाव बदलावं लागेल. पुतण्या आहे ना? बापाचा राग मुलाच्या मनात असतोच. त्याचं घालू."

आबा उठले. त्या मऊ माणसाने एजंटच्या गळपट्टीला हात घातला, पायरीपर्यंत ओढत नेलं आणि रस्त्यावर सोडलं. मग धापा टाकत मला म्हणाले, "बाई, अर्ज लिवा. वस्तू नगं. परत करायची हाय."

मी कागद घेतला. त्या क्षणी तरी माझ्या अंगात थोडं बळ आलं होतं. म्हटलं, "आबा, खरं लिहू? सगळं? आता मी भीत नाही."

"आता कुनासाठी बाई?" आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. आणि मग, जसं लिहितात तसंच लिहिलं: अर्जदाराच्या जीवितास असलेला धोका संबंधित इसमाच्या निधनामुळे संपुष्टात आल्याने शस्त्र परत करीत आहे. सोबत मृत्यूच्या दाखल्याची नक्कल जोडली. तो दाखला आबांनी कळसच्या ग्रामपंचायतीतून स्वतः आणला होता.

दोघं मिळून कचेरीत गेलो. साहेब तरुण होते, स्वभावाने चांगले. त्यांनी आबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. वस्तू उलटसुलट करून पाहिली, गोळ्या मोजून घेतल्या, फाईल काढली. जुनी तक्रार सबंध वाचली, मग मृत्यूचा दाखला वाचला. आबा खुर्चीत सरळ बसले होते. साहेबांनी शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"इतकी वर्षं भावाच्या भीतीत काढलीत आबा," ते म्हणाले, "आता सुटलात. घरी जाऊन निवांत झोपा."

"व्हय साहेब," आबा म्हणाले.